यादीत नाव आहे का? मतदानाच्या आधी आणि मतदानाच्या दिवशी काय करायचं

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८ मतांचा फरक होता. अशा ठिकाणी यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत फिरलेलं एकेक कुटुंब निकालाच्या हिशेबात मोठं असतं. परत फिरण्याची कारणं मात्र त्या दिवशी घडलेली नसतात. घर बदललं आणि अर्ज करायचा राहिला, लग्नानंतर नाव बदललं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, अशा महिने-वर्षांपूर्वीच्या गोष्टी मतदानाच्या सकाळी समोर येतात आणि तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग मतदानाच्या आधीच्या कामांबद्दल आहे.

ओळखपत्र आहे, म्हणजे नाव आहे असं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. मतदार ओळखपत्र फक्त तुम्ही कोण आहात ते सांगतं. मत देण्याचा हक्क मिळतो तो यादीतल्या नोंदीमुळे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ नुसार ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत देता येतं. कपाटात वीस वर्षांपूर्वीचं ओळखपत्र असेल आणि यादीतून नाव वगळलं गेलं असेल, तर केंद्राध्यक्ष तुम्हाला मत देऊ देऊ शकत नाहीत. उलट ओळखपत्र हरवलं असेल पण यादीत नाव असेल, तर दुसरं चालणारं ओळखपत्र दाखवून आरामात मत देता येतं.

मागच्या निवडणुकीत मत दिलं होतं म्हणून या वेळी नाव असणारच, असंही धरून चालू नका. याद्यांची दुरुस्ती सतत चालू असते. गोव्यात तर २०२५ च्या अखेरीस विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि घरोघरी अर्ज भरून घेण्यात आले. अशा मोहिमेत बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, दारी आले तेव्हा घर बंद असेल, तर पुढचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

नाव शोधण्याची रीत

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ईसीआयनेट ॲपवर नाव शोधता येतं. ओळखपत्र क्रमांकावरून, नाव-वय-मतदारसंघ अशा तपशिलावरून किंवा नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून, असे तीन मार्ग आहेत. इंटरनेट जमत नसेल तर १९५० या मदत क्रमांकावर फोन करा. जिल्ह्याबाहेरून करत असाल तर आधी आपल्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा.

ओळखपत्र क्रमांक टाकून काही सापडलं नाही, तरी लगेच घाबरू नका. महाराष्ट्रातल्या जुन्या ओळखपत्रांवर 'एमटी' ने सुरू होणारा, तिरक्या रेघा असलेला लांबलचक क्रमांक असायचा. आता तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा दहा जागांचा क्रमांक असतो. जुना क्रमांक टाकला की बऱ्याचदा उत्तर येत नाही, पण नाव यादीत असतं. अशा वेळी नावावरून शोधा. मराठीतून शोधा आणि इंग्रजीतूनही शोधा, कारण 'जयश्री' किंवा 'दीक्षित' इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं. लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावानेही शोधून पाहा. नात्याच्या रकान्यात वडील आहेत की पती, याने फरक पडतो.

तरीही सापडलं नाही तर आपल्या भागाची यादीच उघडा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, मतदारसंघ आणि यादी भाग निवडून ती पीडीएफ स्वरूपात मिळते. आधी शेजाऱ्यांचा यादी भाग क्रमांक विचारा, मग तो भाग ओळीने वाचा. शेवटची पानं सोडू नका. नव्याने आलेली आणि वगळलेली नावं तिथे पुरवणीत असतात. हे काम किचकट आहे, पण इमारतीतल्या किंवा वाडीतल्या दोघा-तिघांनी मिळून केलं तर एका बैठकीत सगळ्यांची नावं तपासून होतात. नाव सापडलं की मतदारसंघ, यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट घ्या. मतदानाच्या दिवशी हेच आकडे लागतात.

कोणता अर्ज भरायचा

पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर नमुना ६. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी वर्षातून एकदाच, १ जानेवारीला धरली जायची. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. १७ वर्षं पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करू शकतात. बारावीच्या वर्षातच हे उरकून टाकावं असं मला वाटतं. पुढे मुलं शिकायला बाहेरगावी गेली की हे राहतं ते राहतंच.

वयाच्या पुराव्याला जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँक पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार, जमिनीची महसुली कागदपत्रं यांपैकी काहीही द्या. बिल आई-वडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असेल आणि त्यांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तरी चालतं. यातलं काहीच नसेल तर बीएलओ प्रत्यक्ष येऊन खातरजमा करतात. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून अर्जच करायचा नाही, असं कुणी करू नये. भाड्याच्या खोलीत किंवा झोपडीत राहणाऱ्यांनाही हा हक्क तितकाच आहे.

घर बदललं असेल, नावात-वयात-फोटोत दुरुस्ती हवी असेल, ओळखपत्र हरवलं असेल किंवा यादीत दिव्यांग म्हणून नोंद करायची असेल, तर नमुना ८. इथे जरा थांबून वाचा. दादरहून डोंबिवलीला गेलात, म्हणजे मतदारसंघच बदलला, तर पूर्वी नव्याने नमुना ६ भरायचा असे. २०२२ पासून स्थलांतरासाठीही नमुना ८ आहे. जुन्या सवयीने अजूनही बरेच जण नमुना ६ भरतात. त्यात 'माझं नाव याआधी कुठेही नाही' असं तुम्ही सहीनिशी सांगत असता. जुन्या पत्त्यावर नाव असताना असं लिहून देणं हे खोटं निवेदन ठरतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

यालाच जोडून एक नाजूक गोष्ट. कोकणातली, साताऱ्याकडची कित्येक कुटुंबं मुंबई-ठाण्यात राहतात आणि नाव गावाकडेही असतं, शहरातही असतं. गावाशी नाळ तुटू नये ही भावना खरी आहे. पण कायद्याने एका व्यक्तीचं नाव एकाच मतदारसंघात, एकदाच असू शकतं, आणि ते ती जिथे नेहमी राहते तिथे असायला हवं. गावात घर किंवा जमीन आहे, एवढ्याने तिथला मतदार होता येत नाही. दोन ठिकाणी नाव असेल तर एक आपणहून कमी करून घ्या. त्यासाठी नमुना ७ आहे. घरातलं कुणी वारलं असेल तर तेही नाव याच अर्जाने कमी होतं. दुःखात हे सुचत नाही, पण ते नाव राहिलं तर त्यावर दुसरंच कुणी मत देण्याचा धोका राहतो.

नोकरीसाठी परदेशात असलेल्या, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयांना नमुना ६अ भरून आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मात्र मत द्यायला स्वतः यावं लागतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

सगळे अर्ज ऑनलाइन करता येतात किंवा बीएलओंकडे, तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत देता येतात. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि स्थिती पाहत राहा. अर्ज नाकारला किंवा नाव वगळलं, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येतं, आणि त्यांच्या निर्णयावर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत.

निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका

२०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. नामनिर्देशनाची मुदत संपली की यादीत नवं नाव घेता येत नाही, आणि आलेल्या अर्जावर हरकतीसाठी काही दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे त्या मुदतीच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच विचारात घेतले जातात. म्हणजे घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात १९ ऑक्टोबरपर्यंतचे, जेमतेम चार दिवस होते.

स्थानिक स्वराज्य संस्थांचं गणित याहून कडक आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. त्याच्याकडे नाव नोंदवण्याची वेगळी सोय नसते. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेतली जाते आणि प्रभागांनुसार तोडली जाते. राज्यातल्या २९ महानगरपालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, त्यासाठी घेतलेली यादी १ जुलै २०२५ ची होती. १ जुलैनंतर नाव नोंदवलेल्यांना त्या निवडणुकीत मत देता आलं नाही, मग हातात कोरं करकरीत ओळखपत्र असलं तरी.

प्रभागांची प्रारूप यादी जाहीर होते तेव्हा मात्र जरूर पाहा. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून सुटलंय, किंवा रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेलंय, तर त्यावर हरकत घेता येते. मुदत थोड्या दिवसांची असते. सोसायटीच्या सचिवांनी किंवा गावातल्या तरुण मंडळाने ही यादी आपल्या फलकावर लावली, तर पुष्कळ माणसांची मतं वाचतात.

कुठल्या निवडणुकीत किती मतं

लोकसभेला आणि विधानसभेला एक. मुंबई महानगरपालिकेत २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, म्हणून तिथेही एक. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे अशा इतर शहरांत मात्र बहुसदस्यीय प्रभाग आहेत. बहुतेक ठिकाणी चार, काही ठिकाणी तीन किंवा पाच जागा असतात, आणि जितक्या जागा तितकी मतं. जिल्हा परिषदेच्या वेळी दोन मतं: एक गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. नगरपरिषदेत नगराध्यक्षांसाठी एक आणि प्रभागातल्या जागांसाठी, बहुतेक ठिकाणी दोन. ग्रामपंचायतीत सरपंच थेट निवडला जातो, त्याचं एक आणि आपल्या वॉर्डातल्या जागांची वेगळी.

चार जागांच्या प्रभागात यंत्रावर अ, ब, क, ड असे विभाग दिसतात आणि त्यांच्या मतपत्रिकांचे रंग वेगवेगळे असतात. प्रत्येक विभागात एक बटण दाबायचं. एकाच विभागात दोघांना मत देता येत नाही. चारही मतं एकाच पक्षाला द्यायची असं बंधन नाही, चार वेगळ्या उमेदवारांना दिली तरी चालतात. महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव जागा असेल, तर ती अट उमेदवाराला आहे. मत त्या प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने द्यायचं असतं. हे घरातल्या मोठ्या माणसांना आवर्जून सांगा, 'ती जागा आमची नाही' म्हणून ते विभाग सोडून देतात. सगळी मतं दिल्यावरच लांब बझर वाजतो. तो ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका. एखाद्या जागेसाठी कुणीच पटत नसेल, तर त्या विभागातलं नोटाचं बटण दाबा.

नोटाचा परिणाम दोन्हीकडे सारखा नाही. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी पुढचा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत नोटा सर्वांत पुढे असेल तर त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायची. आणखी एक फरक: राज्यातल्या या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, वापरलेलं नाही, त्यामुळे तिथे चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

उमेदवार कोण आहेत ते पाहा

उमेदवाराने दिलेल्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि उत्पन्न यांचा तपशील असतो. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. प्रलंबित गुन्ह्यांची माहिती उमेदवाराने वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीनदा प्रसिद्ध करायची असते. ती बारीक अक्षरातली जाहिरात वाचण्याची सवय लावून घ्या.

चिन्ह नीट पाहून ठेवा. २०२४ च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षांना मिळालेलं पिपाणीसारखं तुतारीचं चिन्ह यांत मतदारांची गल्लत झाल्याच्या तक्रारी झाल्या. सारख्या नावाचे उमेदवारही उभे राहतात. नाव, चिन्ह आणि यंत्रावरचा क्रमांक असे तिन्ही लक्षात ठेवले की चूक होत नाही.

आजी-आजोबा आणि दिव्यांग मतदार

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात, पण आले नाहीत तर तुम्हीच विचारा. पाच दिवस पाहता पाहता जातात. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

केंद्रावरच जायचं असेल तर सक्षम ॲपवरून व्हीलचेअरची मागणी नोंदवता येते. दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला १८ वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो. एका सोबत्याला दिवसभरात एकाच मतदाराला अशी मदत करता येते. यंत्रावर ब्रेलमध्येही क्रमांक असतात, त्यामुळे ज्यांना वाचता येतं त्यांनी सोबत्यावर विसंबायची गरज नाही.

मतदानाच्या दिवशी

सोबत मतदार ओळखपत्र घ्या. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँक किंवा टपाल खात्याचं फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रं, सरकारी सेवेचं ओळखपत्र, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड यांपैकी एक चालतं. बीएलओ देतात ती मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून धरत नाहीत, पण तिच्यावर यादी भाग आणि अनुक्रमांक असतात, म्हणून ती जवळ ठेवा. रेशनकार्डावर विसंबून जाऊ नका.

मतदानाचा दिवस म्हणून पगारी सुट्टी मिळणं हा लोकसभा-विधानसभेच्या वेळी खासगी कंपनीतल्या, दुकानातल्या, रोजंदारीवरच्या कामगाराचाही हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये कलम १३५ब त्यासाठीच आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकांना वेळ देणं आपल्याच हातात असतं.

वेळ आधी पाहून घ्या. २०२४ च्या विधानसभेला बहुतेक ठिकाणी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ मतदान होतं, पण गडचिरोली, आरमोरी, अहेरी आणि अर्जुनी मोरगावमध्ये ते दुपारी ३ वाजताच संपणार होतं. महानगरपालिकांना सकाळी ७.३० ते ५.३० अशी वेळ होती. वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल, तर तुम्हाला मत देता येतं. त्या वेळी रांगेतल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. ती न घेता घरी जाऊ नका.

आत गेल्यावर पहिले अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतात. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लावतात आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात. तिसरे अधिकारी चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतात. मग आडोशामागे जायचं, हिरवा दिवा लागलेला पाहायचा आणि उमेदवारासमोरचं निळं बटण दाबायचं. त्याच्याशेजारी लाल दिवा लागतो, बीप वाजतो आणि व्हीव्हीपॅटच्या खिडकीत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून आतल्या पेटीत पडते. बटण दाबल्यावर मान लगेच त्या खिडकीकडे वळवा. मोबाइल कक्षात नेता येत नाही, आणि मताचा फोटो काढणं हा गोपनीयतेचा भंग आहे.

अडचण आली तर

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर वाद घालून परत जाऊ नका. केंद्राध्यक्षांना शांतपणे सांगा, 'मला प्रदत्त मत द्यायचं आहे.' तुमची ओळख पटली की नियम ४९पी नुसार ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. ती भरून त्यांच्याकडे परत द्यायची, ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण निकाल कोर्टात गेला तर ही पाकिटं उघडली जाऊ शकतात, आणि कुणीतरी तोतयेगिरी केली याची लेखी नोंद राहते. फरक ४८ मतांचा असला तर त्या नोंदीला किती वजन येईल याचा विचार करा.

व्हीव्हीपॅटवर भलतंच नाव दिसलं असं वाटलं, तर तिथल्या तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. नियम ४९एमए नुसार लेखी निवेदन दिल्यावर सर्वांसमोर चाचणी मत घेतलं जातं. आरोप खरा निघाला तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. निवेदन खोटं ठरलं तर मात्र गुन्हा दाखल होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीसाठीच हे वापरा.

पैसे, दारू, भेटवस्तू वाटताना दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवर तिथूनच फोटो किंवा व्हिडिओ पाठवता येतो. १०० मिनिटांत त्यावर कार्यवाही व्हावी अशी त्याची रचना आहे. ही सोय लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेच्या काळात चालू असते. उमेदवाराच्या गाडीतून केंद्रावर जाण्याचं आमंत्रण आलं तर ते नाकारा. मतदारांची अशी फुकट ने-आण हा गैरप्रकार आहे.

आणि इतकं करूनही यादीत नाव नाहीच असं निघालं, तर केंद्रावरच्या बीएलओंकडे वगळलेल्यांच्या यादीत नाव आहे का ते पाहायला सांगा आणि कारण लिहून घ्या. स्थलांतर, दुबार नोंद की मृत म्हणून वगळलं, त्यावर पुढचा मार्ग ठरतो. यादीत नाव कुठेच उरलं नसेल तर त्याच आठवड्यात नमुना ६ भरा, दुसरीकडे सापडलं तर नमुना ८. पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, तिची यादी कुठल्या तारखेला घेतली जाईल हे आधी कुणी सांगत नाही.